कुणाच्या मापानं?

ज्या सकाळी आमच्या वसाहतीतली तीनशे चाळीस मशिनं एकदम वाकडं कापायला लागली, त्या सकाळी मी सगळ्यांच्या देखत हसले. हसायला नको होतं, कबूल. पण चौदा वर्षं ज्यांनी मला "आक्का, तुझं ते खरवडणं म्युझियमला देऊन टाक" म्हणून चिडवलं, त्यांची तोंडं बघून राहवलंच नाही. मग आठवलं की त्यातलं एक मशीन आपलंही आहे, आणि हसू विरलं.

मी शुभांगी नेजदार. वय साठ. तोंडावर मला शुभाक्का म्हणतात आणि माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या वेशीवर, पंचगंगेच्या पलीकडं कारखान्यांची वसाहत आहे, तिथं आमचं शेड. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी उभं केलेलं. आप्पा स्क्रेपिंगचं काम करायचे. मशीनचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाया कितीही नीट कापला तरी त्यावर बारीक उंचवटे राहतात, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे. ते लांब दांड्याच्या पात्यानं, कमरेच्या जोरानं खरवडून काढायचे. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दिगूला, दोघांनाही त्यांनी हे शिकवलं. मुलीच्या हातात स्क्रेपर दिला म्हणून गल्लीत कुजबुज झाली तेव्हा आप्पा म्हणाले, "बिडाला कुठं कळतंय कोण खरवडतंय ते!"

आता ही नवी मशिनं काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी सरळ वस्तू कापायची तर मशीन सरळ असावं लागे. त्यासाठी टनावारी बीड ओता, ते ऊन-पावसात मुरवा, मग महिना-महिना खरवडा. २०२९ साली ऑर्थोविया नावाच्या परदेशी कंपनीनं हे सगळं उलटं केलं. त्यांच्या मशीनचा सांगाडा पातळ पत्र्याचा, मुळातच वाकडा. पण तो कुठं किती वाकडा आहे याचा नकाशा मशीनच्या मेंदूत असायचा. जिथं हत्यार चार मायक्रॉन खाली जाणार, तिथं मेंदू त्याला चार मायक्रॉन वर उचलायचा. आपला केस सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याचं अंगण खरंच वाकडं होतं आणि तरी ते झकास नाचायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'शहाणं'.

गोम एवढीच, की पत्रा दिवसागणिक थोडाथोडा सरकतो, म्हणून नकाशा नव्वद दिवसांत शिळा होतो. ताजा नकाशा कंपनीकडून यायचा, सगळ्यांना एकाच दिवशी, न मागता. आम्हांला वाटलं, येतच राहणार.

मग जुनी जड मशिनं भंगारात गेली. ती बनवणाऱ्या कंपन्या बंद पडल्या, त्यांना बीड ओतून देणाऱ्या फौंड्र्या बंद पडल्या. आमच्या शेडातनं आप्पांच्या तीन सरफेस प्लेटा गेल्या. सरफेस प्लेट म्हणजे बिडाचा पाटाएवढा जाड चौकोन, ज्याचा माथा इतका सपाट असतो की बाकी सगळ्या वस्तूंची सपाटी त्याच्याशी ताडून बघायची. दिगूनं त्या भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवल्या. मी दारात उभी होते. अडवलं नाही. शहाणं मशीन मलाही हवंच होतं की.

एकेचाळीस साली मंदी आली आणि दोन वर्षं मुक्काम ठोकून बसली. ऑर्थोविया बुडाली नाही, तिनं फक्त पसारा आवरला. जिथं धंदा कमी, त्या देशांची नकाशासेवा बंद. आम्हांला एका ओळीचं पत्र आलं. नव्वद दिवसांनी ती वाकडी सकाळ उजाडली.

दोन महिन्यांत काय काय थांबलं, काय सांगू! पाणीयोजनेच्या पंपाचा व्हॉल्व्ह गेला, नवा मिळेना. दवाखान्यातलं एक्स-रेचं टेबल एका स्क्रूपायी अडलं. बाहेरून आणायला परकीय चलन नाही, इथं करायला सरळ मशीन नाही. एवढा मोठा देश, रॉकेटं सोडलेला, आणि एक धड व्हॉल्व्ह करता येईना. मला रात्रंदिवस लाज वाटायची आणि लाज वाटली की माझं डोकं तापतं.

सरकारनं समिती नेमली. समिती एकेका वसाहतीत जाऊन तपासणी करणार. जिथं एका तरी शेडला परदेशी नकाशाशिवाय पाच मायक्रॉनच्या आत सरळ ठोकळा करून दाखवता येईल, ती वसाहत कारखान्यांसाठी राहणार. नाही जमलं तर जागा आयात मालाच्या गोदामांना. आमची तारीख दसरा धरून चौथ्या दिवसाची लागली.

वसाहतीच्या असोसिएशनचा अध्यक्ष कोण, तर आमचाच दिगू. तो गोदामांच्या संमतीचा कागद घेऊन आला. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, तपासणीत नापास होण्याआधीच.

"आक्का, तेवढी सही कर," तो म्हणाला. "भाडं घरबसल्या येईल. काय राहिलंय आता हितं?"

"मी राहिलीय की."

"हट्ट करू नगंस."

"दिगू, गोदामात माल कुठला ठेवणार?"

"बाहेरचा."

"आणि तो घेणार कोण? ज्यांची शेडं गेली ती माणसं? कशाच्या जिवावर घेणार रं?"

"ते आपण बघायचं व्हय? ते दिल्लीवाले बघतील."

"बसून खाल्लं तर कुबेराला पुरत नाही, आणि तू अख्ख्या देशाला बसवायला निघालाईस!" मी ओरडले. कागद त्याच्या अंगावर फेकला. सही केली नाही.

त्याच्यामागं त्याची मुलगी उभी होती, ओवी. पंचवीस वर्षांची. ऑर्थोवियात शहाणी मशिनं दुरुस्त करायची, मंदीत नोकरी गेली तेव्हापासून घरी होती. आमचं भांडण संपायची वाट बघून ती म्हणाली, "आत्या, सरळ म्हणजे तुला नक्की किती सरळ करता येतं?"

"का गं?"

"कंपनीचा मेंदू काढून मी माझा बसवू शकते. नकाशा काढायचा प्रोग्रॅमही लिहून झालाय. पण नकाशा काढायचा तर शेजारी एक खरी सपाट वस्तू लागते. माझ्या लॅपटॉपला वाकडं-सरळ कळत नाही. आणि आता सपाट वस्तू करायला सरळ मशीन पाहिजे. कोंबडी आधी का अंडं आधी, असं झालंय."

"अंडं नको," मी म्हटलं. "तीन कोंबड्या पाहिजेत."

"ओवी, घरी चल," दिगू म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं पप्पा, मी थांबते."

दिगू माझ्याकडं असं बघत गेला, जसं काही मी त्याची पोरगी पळवलीय.

पहिला प्रश्न बिडाचा. नवं ओतलेलं बीड नव्या जावयासारखं असतं, आत काय साठवून ठेवलंय कळत नाही आणि महिन्याभरात कधी वाकडं होईल सांगता येत नाही. आम्हांला मुरलेलं हवं होतं. पूर्वी आमच्या भागात विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं धडधडायची. इंजिनं कधीच गेली, पण त्यांच्या बिडाच्या बैठकी कुठंकुठं तशाच पडून होत्या, चाळीस-पन्नास वर्षं ऊन-पाऊस खात. मी आणि ओवी आठ दिवस शिवारं पालथी घालत फिरलो. एक बैठक ओढ्याकाठी मिळाली, एक कुणाच्या गोठ्यात, तिसरीवर वडणग्याची एक बाई धुणं धूत होती. मी बदल्यात नवी फरशी बसवून देते म्हटल्यावर तिनं विचारलं, "बाई, ह्यात सोनं हाय का?" मी म्हटलं, "त्याहून बरं हाय."

तिन्ही बैठकींतनं एकसारखे चौकोन कापून घेतले. आप्पांच्या रिवाजाप्रमाणं नावं ठेवली: थोरली, मधली, धाकटी.

"पण ताडून बघणार कशाशी?" ओवीनं विचारलं.

"एकमेकींशी."

मी तिला समजावलं. थोरलीवर तेलात कालवलेला निळा रंग पातळ फासायचा आणि मधली तिच्यावर घासायची. मधलीवर जिथं निळं लागलं तिथं उंचवटा, तो खरवडायचा. असं करत करत दोघी अंगभर टेकल्या, तर दोघी सपाट झाल्या का? नाही. थोरलीला पोक असेल आणि मधलीला तेवढाच खळगा, तरी दोघी गळ्यात गळा घालून बसतील. आता धाकटीलाही थोरलीशीच जुळवायचं. थोरलीला पोक असेल तर धाकटीलाही खळगाच पडणार. मग मधली आणि धाकटी समोरासमोर आणायच्या. दोघींनाही खळगा, म्हणजे फक्त कडांना टेकतील, मध्ये निळं लागणारच नाही. लबाडी पकडली. खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. पीळ राहू नये म्हणून आडवं वळवूनही घासायचं. तिघी तिघींशी अंगभर टेकल्या की काम संपलं, कारण तिन्ही जोड्या जुळायला एकच आकार चालतो, तो म्हणजे सपाट.

ओवीनं तिन्ही जोड्या बोटांवर मोजून बघितल्या. मग म्हणाली, "म्हणजे बाहेरचं माप लागतच नाही?"

"नाही लागत."

"आत्या, हे आम्हांला कॉलेजात कुणीच शिकवलं नाही गं."

"कोण शिकवणार? शिकवणारे गोदामाची वाट बघत बसल्यात."

महिनाभर आम्ही दोघी खरवडत होतो. ओवीचे तळहात सोलले, माझी कंबर काळीनिळी झाली. घासलं की बीड तापतं आणि तापलं की फुगतं, म्हणून दर खेपेला तासतास थांबायचं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातनं आत यायच्या आधी, पहाटे पाचला काम सुरू करायचं. ओवीला घाई व्हायची. ती म्हणायची, "आत्या, आता बघूया का?" मी म्हणायची, "बिडाला दम खाऊ दे." आईशप्पथ, इतकी सुखी मी चौदा वर्षांत नव्हते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी थोरली-मधली जुळल्या होत्या, थोरली-धाकटी जुळल्या होत्या, आणि मधली-धाकटी अजून कडांनाच टेकत होत्या. म्हणजे थोरलीला अजून पोक होतं, फार नाही, सात-आठ मायक्रॉनचं. दोन दिवसांचं काम. मग एक दिवस ओवीच्या नकाशाला, आणि चौथ्या दिवशी समिती. हिशोब चोख बसत होता.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा असते. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत हत्यार हलवायचं नाही, हा नेम. मी सकाळी मशिनला हार घातला, स्क्रेपरांना कोरडं कुंकू लावलं, तिन्ही प्लेटा कापडाखाली तशाच ठेवून वर एकेक फूल ठेवलं आणि कुलूप लावून घरी गेले.

दसऱ्याला पहाटे शेड उघडलं तर कापडं घडी घालून बाजूला ठेवलेली. धाकटीवर झेंडूच्या पाकळ्या, ओलं हळदकुंकू, नारळ फोडल्याच्या खुणा आणि मधोमध चिरडलेलं लिंबू. मी पाकळ्या बाजूला सारल्या. खाली सगळं तांबूस झालं होतं. नारळपाणी आणि लिंबाचा रस ताज्या खरवडलेल्या बिडावर रात्रभर बसले होते. बोट फिरवलं तर खड्डे लागले. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला रडू फुटलं.

दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती.

ओवी माझ्या मागोमाग आली होती, तिनं फोन केला असावा. दिगू धावत आला, आपट्याची पानं हातात तशीच.

"मेल्या!" मी म्हटलं. "समोरनं वार करायचा होतास. पूजेच्या आडनं करायलास?"

"काय झालं? आक्का, शप्पथ, मी... मी आप्पा करायचे तशीच पूजा केली. काल घरी चैन पडंना. खंडेनवमीला आपल्या शेडात नारळ फुटला नाही असं एकबी साल गेलं न्हाई. तू बोलत न्हाईस, म्हणून दुपारी एकटाच आलो. ह्या तिघींकडं बघितलं आणि आप्पाच दिसले. धाकटीला तेवढा मान दिला, घरात धाकटा मी होतो म्हणून."

"आप्पा आधी काय करायचे?"

"हळद..."

"हळदीच्या आधी!"

तो आठवायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "ग्रीस," तो म्हणाला. "आधी ग्रीस फासायचे."

आप्पा पूजेच्या आधी प्लेटांना बोटभर ग्रीस फासायचे. ते काम माझं असायचं. दिगू लहान, तो नारळ धरून उभा असायचा. त्यानं जेवढं बघितलं होतं तेवढं त्यानं मनापासून केलं होतं. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "पण आक्का, थोरली आणि मधली जुळल्यात न्हवं? त्यांच्यावर नकाशा काढा. समितीला कोण सांगतंय तिसरी होती म्हणून?"

"जुळल्यात. पण खऱ्या नाहीत, हे मला माहीत आहे. थोरलीला पोक आहे."

"आठ मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय?"

"पाचची मर्यादा आहे पप्पा," ओवी म्हणाली. "नकाशा त्या पोकावरनं निघाला तर ठोकळ्यालाही पोक येणार. नापासच होणार आपण."

"मग मुदत मागू."

"नाही मागायची," मी उठत म्हटलं. "भीक मागत मागतच इथंवर आलोय आपण. आज नकाशाची, उद्या मुदतीची. दिगू, तू घरी जा, सोनं वाट, जेव. ओवी, निळा रंग काढ."

खरं सांगते, मला आशा नव्हती. धाकटीचे खड्डे जाईपर्यंत तिचा अख्खा माथा खाली आणायचा, मग पुन्हा तिघींची फिरवाफिरवी. एवढं काम दोन दिवसांत दोघींच्यानं होणारं नव्हतं. पण हात बांधून बसणं हा माझा स्वभाव नाही. मी धाकटीवर वाकले आणि खरवडायला लागले.

मागं खडखड झाली. वळून बघितलं तर दिगूनं सदरा काढून खुंटीला टांगला होता आणि तो आप्पांचा लांब स्क्रेपर कमरेला टेकवून धार बघत होता.

"सर तिकडं," तो म्हणाला.

"चौदा वर्षं हातात धरला नाहीस. धाकटीला अजून जखमा करशील."

"डाव्या हाताचा झटका माझा तुझ्यापेक्षा बरा, असं आप्पा म्हणायचे."

"ते तुला रडू येऊ नये म्हणून म्हणायचे."

"ठाऊक हाय," तो म्हणाला आणि लागला कामाला. पहिले दहा झटके वेडेवाकडे गेले. मी शिव्या दिल्या. अकरावा बरोबर बसला. पुढं शिव्या द्यायची गरज पडली नाही.

दसऱ्याच्या दिवशी हत्यारं पुन्हा हातात घ्यायची असतातच, आम्ही ती दोन दिवस खालीच ठेवली नाहीत. वहिनीनं पुरणपोळ्या शेडातच पाठवल्या. मी आणि दिगूनं एका ताटात खाल्लं, फारसं बोललो नाही. एकदाच तो म्हणाला, "सह्यांचा कागद घेऊन फिरताना मला वाटायचं, मी सगळ्यांना वाचवतोय." मी त्याला म्हटलं, "पोळी खा." तिसऱ्या दिवशी सकाळी मधली आणि धाकटी समोरासमोर आणल्या, हळूच घासल्या, उचलल्या. कडेपासून मध्यापर्यंत निळे ठिपके, एकसारखे. थोरलीशी बघितलं, तेच. दिगू ओवीला म्हणाला, "ए इंजिनेर, घे. सरळ म्हणजे हे."

ओवीनं दिवसभर नकाशा काढला. संध्याकाळी शहाण्या मशीननं, आमच्या मेंदूनं आणि आमच्या नकाशानं, हातभर लांबीचा बिडाचा ठोकळा कापला.

चौथ्या दिवशी समिती आली. प्रमुख होत्या पल्लवी देवस्थळी, पुण्याच्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सुती साडी, कपाळावर आठी. शेडाच्या दारात अख्खी वसाहत जमली होती. त्यांनी प्लेटांकडं बघितलं.

"या कोणत्या प्रयोगशाळेतून तपासून आणल्यात?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

"मग या सपाट आहेत, हे कुणाच्या मापानं ठरवलं?"

"कुणाच्याच मापानं नाही मॅडम. तिघींनी एकमेकींना तपासलंय."

"अहो बाई, मला दाखला लागतो. गोष्ट नाही."

"ठोकळा मोजा की. पाचच्या आत आला तर दाखला कशाला?"

त्यांनी पेटीतनं मोजणीचं यंत्र काढलं. घडीचा हात, टोकाला बारीक मणी. मणी ठोकळ्यावरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि पडद्यावर रेघ उमटली. डाव्या टोकापासून वीतभर अंतरावर रेघ वर चढली होती.

"बारा मायक्रॉनचा फुगवटा," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. आवाजात कुचकेपणा नव्हता, तेवढं खरं. "कष्ट दिसताहेत तुमचे. पण मी काही करू शकत नाही."

दारातली माणसं पांगायला लागली. दिगूनं मान खाली घातली. ओवी पुटपुटत होती, "असं होणारच नाही, होणारच नाही." माझ्या डोक्यात मात्र गरगर सुरू झाली. डावीकडं वीतभर? मधलीनं आणि धाकटीनं कुठंही अशा पोकाचा पत्ता दिला नव्हता. महिनाभर मी त्या तिघींचं ऐकत होते, आणि आता एका पेटीचं ऐकून गप्प बसू?

"थांबा सगळे!" मी ओरडले. "मॅडम, ठोकळा उलटा फिरवून ठेवा. डावं टोक उजवीकडं. आणि परत मोजा."

"त्यानं काय होणार?"

"फुगवटा ठोकळ्याचा असेल तर ठोकळ्याबरोबर उजवीकडं जाईल. जाऊ दे की."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांनी ठोकळा फिरवला. मणी चालला. रेघ उमटली.

फुगवटा डावीकडंच होता.

मॅडमनी ठोकळा पुन्हा फिरवला, पुन्हा मोजला. मग सरकवून, मग आडवा ठेवून. आठ वेळा. ठोकळा कसाही ठेवा, फुगवटा आपला यंत्राच्या डाव्या बाजूला, वीतभरावर. ओवीनं आठही रेघांतनं यंत्राची चूक वजा करून दाखवली. ठोकळ्याच्या वाट्याला तीन मायक्रॉन उरले.

मॅडमनी तिचा हिशोब स्वतः दोनदा करून बघितला. मग त्या स्टुलावर बसल्या.

"हे यंत्र ऑर्थोवियाचंच आहे," त्या म्हणाल्या. "यालाही नकाशा लागतो. बंद झाला तेव्हा मी वर लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, चालतंय तोवर वापरा. पडद्यावर आकडे येत होते. मी वापरत राहिले."

"होतं असं," दिगू म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं.

"नाही, तुम्हांला कळलं नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुमची आठवी वसाहत. आधीच्या सात मी या यंत्रानं नापास केल्यात. एका ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ माझ्या पाया पडले होते. म्हणाले, 'बाई, सरळ आहे हो, बोट फिरवून बघा.' मी त्यांना पडद्यावरचा आकडा दाखवला."

मला त्या बाईंचा राग यायला हवा होता. पण ज्या दारात मी चौदा वर्षांपूर्वी गप्प उभी होते, तेच दार समोर होतं, आणि रागवायला मला तोंड नव्हतं.

"गोदामं उठली का तिथं?" मी विचारलं.

"नाही. पुढच्या महिन्यात ताबा देणार आहेत."

"मग रडताय कशाला? आमचा कागद लिहा आधी, पास म्हणून."

त्यांनी लिहिला. 'मापाचा आधार' असा एक रकाना होता, तिथं पेन थांबलं. मी म्हटलं, "लिहा, कोल्हापूर." त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. दारातनं एकच आरडाओरडा उठला. कुणीतरी दिगूला खांद्यावर घ्यायला गेलं, त्यानं कंबर दुखतेय म्हणून हाकलून लावलं.

मी मॅडमची पेटी बंद केली आणि आमच्या कपाटात ठेवली. "ही राहू दे इथंच. ओवी सरळ करून देईल. तोवर मोजायला तिघी आहेत."

"तिघी कोण?"

"थोरली, मधली, धाकटी. ते म्हातारे गृहस्थ कुठले?"

"पहिल्याच वसाहतीतले. साताऱ्याकडचे."

"मग तिथनंच सुरुवात करू," मी म्हटलं. "दिगू, टेम्पो लाव. आणि ह्या वेळी चढवायच्या आधी तिघींना ग्रीस फास."